ताई सेवेला येते

पोटाचं ऑपरेशन म्हणजे काय, ते घरात एकट्या ताईला ठाऊक होतं. तरुणपणी तिचं पित्ताशय काढलं तेव्हा बरगडीखाली वीतभर चिरलं होतं आणि ती कितीतरी दिवस अंथरुणाला खिळली होती. ही कथा तिने घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती. त्यामुळे बस चालवणाऱ्या धाकट्या बहिणीला पित्ताचे खडे झाल्याचं कळताच ताई कंबर कसून निघाली. दोन उशा, शेकायची पिशवी आणि महिनाभर पुरतील एवढे कपडे घेऊन.

ती वॉर्डात पोचली तेव्हा ऑपरेशन सकाळीच उरकलं होतं आणि धाकटी खुर्चीत बसून चहा पीत होती.

“अगं, आडवी हो! टाके तुटतील!”

“कसले टाके? दुर्बिणीतून केलं. चार भोकं नुसती.” धाकटीने पोटावरच्या चार इवल्या पट्ट्या दाखवल्या. “उद्या घरी सोडतायत.”

ताईचा चेहरा पडला. एवढीशी पट्टी तर आपण भाजी चिरताना लावतो! आता सेवा करायची ती कुणाची?

तेवढ्यात धाकटीने कप खाली ठेवला. “ताई, खांद्यात कळ येतेय गं.”

ताई दाराकडे धावली. कापलं पोट आणि दुखतोय खांदा? “सिस्टर!” तिने अशी काही हाक मारली की अख्खा वॉर्ड जागा झाला.

सिस्टरने नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. “घाबरू नका. आतलं नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात. थोडा राहतो मागे, त्यानं खांदा दुखतो. चाललं की उतरेल. धरा यांना.”

“आज? चालवू?”

“आजच. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात.”

दोघी व्हरांड्यात निघाल्या. ताईने धाकटीला असं धरलं होतं, जणू काचेचं भांडं.

“भूल देताना फार भ्यायले गं,” धाकटी हळूच म्हणाली. “तुझं ते सगळं आठवलं.”

“मला कुणी उठवलंच नाही,” ताई म्हणाली. “ नुसती छताकडे बघत पडून राहायचे. वाटायचं, आटोपला आपला कारभार.”

“पण तू तर हसत हसत सांगतेस!”

“मग काय लग्नघरात गळा काढू?”

धाकटीला हसू फुटलं आणि तिने पोट दाबून धरलं. “हसवू नकोस, दुखतं!” पण थोडं चालल्यावर खांदा खरंच हलका झाला.

परत आल्या तर समोरच्या कॉटवरच्या वकीलबाई डोक्यावरून चादर ओढून पडलेल्या. कालच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सिस्टर त्यांना चालायला विनवत होत्या, बाई मुद्द्यांवर मुद्दे मांडत होत्या: चक्कर येते, जोर पडतो, माझ्या आत्यानं सांगितलंय.

ताईने पदर खोचला. “अहो वकीलबाई, पडून राहणं काय असतं ते मला विचारा. सांगू?”

आणि तिने आपली कथा पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला एकदाही न हसता. कथा छताकडे बघण्यापर्यंत पोचायच्या आतच वकीलबाईंनी पाय खाली सोडले.

“चपला कुठायत माझ्या?” त्या म्हणाल्या.

ताईने वाकून कॉटखालच्या चपला ओढून दिल्या आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला.