भाल्याचं टोक

तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं ते जुनं चित्र म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. जळत्या गावाच्या वेशीत हात पसरून उभी राहिलेली बाई, तिच्यामागे पोरं, समोर घोडेस्वार आणि त्याचा भाला थेट तिच्या छातीत. घोड्याच्या पायाशी त्याचं शिरस्त्राण. हे चित्र दाखवून मास्तरांनी चाळीस वर्षं वर्गच्या वर्ग रडवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते संग्रहालयाला दिलं आणि उद्या तिथंच त्यांचं व्याख्यान होतं. विषय, बलिदान.

चित्र स्वच्छ करायचं काम आलं संग्रहालयात नोकरीला असलेल्या त्यांच्या सुनेकडे. तिने पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला, जुनी खळ विरघळली आणि भाल्याचं टोक सुटून चक्क पाण्यावर तरंगायला लागलं! चिमट्याने उचलून बघते तर तो खळीच्या ब्रशचा काळा केस, चिकटवताना चित्रावर बसलेला. छापलेला भाला बाईच्या बोटभर अलीकडेच थांबला होता. आणि हे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं कोणी? खुद्द मास्तरांनीच, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

म्हाताऱ्याची आयुष्यभराची शिकवण एका केसावर उभी, आणि तो केस हिच्या चिमट्यात. गुपचूप परत चिकटवून टाकावा, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी तिने मास्तरांना बोलावून घेतलं.

"बाबा, रागावू नका हं," म्हणत तिने भिंग पुढे केलं.

मास्तरांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सूनबाई, म्हणजे ही मेलीच नाही?"

"नाही बाबा. मरायची तयारी ठेवून उभी राहिली, म्हणून तर तो थांबला. लगाम बघा कसा मागे खेचलाय. शिरस्त्राणही पडलेलं नाही, तिच्यापुढे त्यानेच काढून खाली टाकलंय."

"आणि मी गाढव चाळीस वर्षं तिला मारतोय!" मास्तर खदाखदा हसत सुटले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "अगं, दर वेळी जिवावर यायचं माझ्या."

दुसऱ्या दिवशी केस पिकलेले जुने विद्यार्थी रुमाल काढूनच बसले होते. मास्तर उभे राहिले.

"मुलांनो, रुमाल खिशात ठेवा. बाई वाचली."

टाळ्या थांबेनात. त्यांच्या पहिल्या वर्गातली, आता आजी झालेली एकजण हात वर करून उठली.

"मास्तर, आणि पोरं?"

"पोरंसुद्धा," मास्तर म्हणाले. "सगळीच्या सगळी."