न घेतलेले हसू

दुपारचे जेवण आटोपल्यावर मंगैयर्करसीने स्वर्णाम्बाळ अम्मांना सेटवरच्या खाटेवर निजवले, पांघरूण छातीपर्यंत ओढले आणि सांगितले, "अम्मा, काही करायचं नाही. नुसतं डोळे मिटून पडायचं. नात येईल, बघेल, जाईल."

"ताकभात घालून वर झोपवणारी निर्माती तूच पहिली गं!" अम्मा म्हणाल्या. सारी मंडळी हसली. मंगैला हसता आले नाही.

सालिग्रामम्‌च्या याच स्टुडिओंच्या गल्ल्यांतून ती कधीकाळी रडव्या सुनेच्या भूमिका करीत फिरली होती, आणि बहुतेक मालिकांत तिच्या सासूबाई म्हणजे स्वर्णाम्बाळ. पडद्यावर छळ करणाऱ्या त्या बाईने पडद्यामागे तिला आपल्या डब्यातला घास भरवला होता. मंगैने दिग्दर्शन हाती घेऊन स्वतःची मालिका काढायची म्हटले, तेव्हा बरोबरीच्या नट्यांनी नाके मुरडली. अम्मा मात्र दुसऱ्याच दिवशी मेकअपची पेटी घेऊन हजर झाल्या. त्या दिवशी मंगैने शब्द दिला होता, "माझ्या मालिकेतली आजी, आपली पाट्टी, कधी मरणार नाही." एकट्या राहणाऱ्या त्या वृद्धेला सकाळी उठून जायला एवढे एकच ठिकाण उरले होते.

आणि आता वाहिनीचा निरोप आला होता: प्रेक्षक गळत आहेत, याच आठवड्यात आजी गेली पाहिजे, नाहीतर संध्याकाळची वेळ दुसऱ्या मालिकेला जाईल. मंगैच्या जिवावर कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या. तिने मान तुकवली. पण अम्मांना सांगायला जीभ रेटेना. तेव्हा तिने ही वाट काढली. निजलेल्या अम्मांचे चित्रण करायचे, नातीचा आक्रोश निराळा घ्यायचा, आणि दोन्ही जोडून मृत्यू सिद्ध करायचा.

"कट!" ती म्हणाली.

छायाचित्रकार इरुदयराजने मात्र कॅमेरा बंद केला नाही. जवळ येऊन तो हलकेच म्हणाला, "मॅडम, हसू घ्यायचं राहिलं."

चित्रीकरणाच्या धंद्यातल्या मंडळींत एक जुनी रीत आहे. प्रेताचे सोंग घेतलेल्याने तत्क्षणी उठून कॅमेऱ्याकडे पाहून हसायचे. कॅमेऱ्याच्या काचेने टिपलेले मरण हसून परत घ्यायचे. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये, असा आपल्या पूर्वजांचा दंडक होता. दंडक मोडला, तरी त्यामागचे भय मनुष्याच्या अंतःकरणातून गेले नाही. गळ्यात क्रूस घालणारा इरुदयराजही ही रीत कधी चुकवीत नसे.

"त्या मेल्या नाहीत. झोपल्यायत," मंगै पुटपुटली.

"ते त्यांना ठाऊक, मॅडम. कॅमेऱ्याला काय ठाऊक?"

मंगैने खाटेकडे पाहिले. हसा म्हणावे, तर कपट उघडे पडते. न म्हणावे, तर ज्यांनी घास भरवला त्यांच्या माथी मरण ठेवून त्यांना घरी धाडायचे.

अम्मा उठून बसल्या होत्या. "उद्या गाडी जरा उशिरा पाठव हं, मंगै. सकाळी नळाला पाणी येतं."

मंगैला राहवेना. "अम्मा… कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसा."

केस सावरणारा हात थांबला. हे वाक्य तिथे मेल्याचे सोंग घेतलेल्याखेरीज कुणाला म्हणत नाहीत.

"मेले होय मी?"

"वाहिनीवाल्यांनी—"

"ते मारतातच गं. झोपेत मारायचं कुणी ठरवलं?"

"मी."

"विष पिऊन मेले, विहिरीत पडून मेले, तू सून होतीस तेव्हा तुझ्या हातून तर दोनदा मेले. पण दर वेळी मला सांगून मारलं होतं." अम्मा पुन्हा आडव्या झाल्या. "घे परत. झोपलेल्या बाईचा चेहरा कूस बदलायच्या बेतात असतो. लोक मला ओळखतात, फसायचे नाहीत."

आणि त्या मेल्या. हनुवटी किंचित ढळली, बोटांतला ताण निघून गेला. मंगै म्हणाली, "कट."

"अम्मा, हसा," इरुदयराजने विनवले.

त्या काचेकडे नव्हे, मंगैकडे पाहत होत्या. "हसते. आधी एवढं सांग, उद्यापासून मी सकाळी उठून कुठे जायचं?"

आठवणींच्या दृश्यांना बोलवू, स्वप्नात दाखवू, ही उत्तरे मंगैच्या ओठांवर होती. नटी असताना तिने स्वतः ती ऐकली होती आणि त्यांवर विसंबून महिनोन्‌महिने वाट पाहिली होती.

"मला माहीत नाही, अम्मा."

"हे मात्र खरं बोललीस." अम्मांनी ओठ हलवून पाहिले, त्यांना हसू साधले नाही. पदर सारखा करून त्या कुणाचाही हात न धरता जिना उतरून गेल्या.

मंगैचा फोन वाजू लागला, वाहिनीचाच होता. इरुदयराज रिकाम्या खाटेकडे रोखलेल्या कॅमेऱ्यामागे तसाच उभा होता. "कॅमेरा बंद करू?"

"नको. चालू ठेवा, हसू घ्यायचं राहिलंय," मंगै म्हणाली, आणि वाजता फोन तिथेच टाकून अनवाणी जिन्याकडे धावली.