बंदराचा स्टॉप

सहलीला निघालेल्या जहाजावरच्या एका खोलीत दोन जावांना ठेवायची कल्पना थोरलीच्या मुलाची. खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी नेण्यात काय अर्थ, काकू आली तर आईला सोबत होईल, असं त्याचं म्हणणं. आता सोबत म्हणजे काय, तर थोरली आणि धाकटी गेली तीस वर्षं एकाच घरात राहत होत्या, थोरली वर आणि धाकटी खाली. दोघींचे नवरे होते तेव्हाच चुली वेगळ्या झाल्या, आणि नवरे गेल्यावर पाण्याची टाकी भरली की नाही, एवढाच विषय बोलायला उरला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. या राहिल्या, कारण मध्ये जिना होता. जहाजावरच्या खोलीत जिना नव्हता.

थोरली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि त्याचा तोराही होता. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी बाई नाकावर माशी बसू देत नव्हती. धाकटी घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिची मान कायम मशीनवर वाकलेली असायची, पण नजरेतून काही सुटत नसे.

गेल्या वर्षभरात त्या नजरेला दिसलं होतं की थोरली विसरायला लागली आहे. चष्मा, किल्ली, आज वार कुठला, हे चालायचंच. पण एकदा गॅसवर पातेलं ठेवून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि तिथेच रमली. जळका वास खाली आला तेव्हा धाकटी वर गेली, गॅस बंद केला, पातेलं घासून पालथं घातलं आणि ताकास तूर लागू न देता खाली आली. कुणाला का सांगितलं नाही, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

सांगायला जागा एकच होती, थोरलीचा मुलगा. त्याने आईला बजावून ठेवलं होतं, "एकदा जरी गडबड दिसली ना, तर वरचा मजला बंद आणि तू माझ्याकडे." त्याचं घर दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. तिथे थोरलीला तिसऱ्याच दिवशी गुदमरायला व्हायचं. तिथे जाण्यापेक्षा मरण बरं, असं ती उघड म्हणायची, तेही सुनेच्या देखत.

जहाजावर तिसऱ्या दिवशी गडबड दिसली. थोरली भलत्याच मजल्यावर भलत्याच खोलीच्या दाराला आपलं कार्ड लावत उभी होती. दार आतून उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेला एक दांडगा माणूस बाहेर आला. थोरलीने त्यालाच विचारलं की तो तिच्या खोलीत काय करतोय. शोधत आलेल्या धाकटीने त्याची माफी मागितली आणि थोरलीला दंडाला धरून खोलीत आणलं.

"ताई, आता मात्र मी सांगणार," ती म्हणाली.

थोरली खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "उद्या बंदर लागतंय ना? जहाजाच्या सहलीला जायचं नाही. ती सहल जिथे जाते, त्या टेकडीवरच्या बुरुजावर मी तुला बसने नेते आणि परत आणते. नीट आणलं, तर तू तोंडाला कुलूप लावायचं. नाही आणलं, तर खुशाल सांग."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. मध्ये बोलायचं नाहीस."

धाकटीने कबूल केलं. आपण जिंकणार याची तिला खात्री होती, आणि जिंकल्यावर काय होईल याचाही तिने विचार केला होता. वरून पावलं वाजणार नाहीत. टाकीवरून बोलणी खावी लागणार नाहीत. सगळं घर आपलं. हा विचार आल्यावर तिला लाज वाटली नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

सकाळी मुलगा आणि सून सहलीच्या गाडीत बसले. मुलाने काळजीने विचारलं, "बसने कशाला? हरवलात म्हणजे? दुपारी जहाज कुणासाठी थांबत नाही हं." मग धाकटीकडे बघून तोच म्हणाला, "काकू आहे बरोबर, म्हणजे ठीक आहे." थोरलीने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाले टपलेले होते. टेकडीवर बस जातच नाही, असं त्यातल्या तिघांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. थोरली त्यांच्यामधून सरळ चालत गेली आणि रस्त्यापलीकडे स्टॉपवर उभ्या असलेल्या एका बाईला तिने टेकडीकडे बोट दाखवून, हाताने स्टिअरिंग फिरवून विचारलं. बाईने बोटांवर आकडा दाखवला. तो आकडा थोरलीच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच. माणसांची नावं, जागा, दारं तिच्या हातून निसटत होती, पण आकडे अजून तिचेच होते. बाजारपेठेत बस बदलायची होती, तिथे तिने एका पोलिसाला विचारलं, मग फुलवालीला, मग खात्रीसाठी पुन्हा पोलिसाला. भाषा एकाचीही येत नव्हती. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने जन्मात अनोळखी माणसाला रस्ता विचारला नव्हता. चुकली तर ती गुपचूप चुकायची.

दुसरी बस वळणं घेत टेकडी चढली. बुरूज जुना होता, वर जायला गोल दगडी पायऱ्या होत्या. थोरली दर वळणावर दम खात, पण न थांबवता येणाऱ्या हट्टाने वर गेली. वरून सगळं बंदर दिसत होतं आणि आपलं जहाज साबणाच्या वडीएवढं. सहलीची गाडी खालच्या वाहनतळावर आली, माणसं उतरली, त्यांनी फोटो काढले आणि ती पुन्हा गाडीत बसली. वर कुणी आलंच नाही.

"बघ," थोरली म्हणाली. "पैसे देऊन अर्धा बुरूज."

नाश्त्याच्या वेळी रुमालात बांधून आणलेला पाव तिने मोडला आणि मोठा तुकडा धाकटीला दिला. वारा छान होता. धाकटीच्या मनात आलं की ही बाई आज जिंकतेय. त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, तेवढं काही वाटलं नाही.

परतीच्या दोन्ही बस थोरलीने आकड्यांवरून बिनचूक पकडल्या. दुसऱ्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली, थोरली खिडकीशी. बस बाजारातून निघाली, गोदामांच्या रांगा लागल्या, मग क्रेन दिसायला लागल्या. त्यांच्यामागे जहाजाचं पांढरं धुराडं दिसलं. बेल दोघींच्या समोरच्या दांड्यावर होती, लाल बटणाची. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

आता दाबेल, धाकटीला वाटलं. फाटक दिसलं. सकाळचे टॅक्सीवाले तिथेच होते. धाकटीचा हात उचलला गेला आणि परत मांडीवर आला. मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला जिंकायचं होतं. स्टॉपवर चढणारं कुणी नव्हतं, उतरणारं कुणी नव्हतं, बस न थांबता पुढे गेली.

जिंकल्याचा आनंद पुढच्या वळणापर्यंत टिकला. तिथे समुद्र दिसेनासा झाला आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती बोलली नाही. हट्टाला पेटलेल्या माणसाचं असंच होतं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बस एकामागून एक वस्त्या मागे टाकत शेवटी आगारात शिरली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आपला डबा घेतला आणि हाताने दोघींना उतरा म्हणून खूण केली.

आगारात तेलाचे डाग पडलेलं मोठं पटांगण आणि भिंतीशी एक बाकडं होतं. दोघी त्यावर बसल्या.

"बेल का नाही दाबलीस?" थोरलीने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलू नकोस."

"अगं, मला स्टॉप आठवत नव्हता. सकाळी कुठे चढलो, फाटक कसं होतं, काही म्हणजे काही डोळ्यांपुढे येईना. बाजार सोडला तेव्हापासून." तिने बंद बोटावरून सोडवला. "म्हटलं, हरले तर हरले. ही बसलीय शेजारी, ही दाबेल. म्हणून मी घाबरलेच नाही."

"त्या दिवशीही नाही घाबरले," थोरली पुढे म्हणाली. "पातेल्याच्या. घासून पालथं घातलेलं पातेलं बघितलं की मला कळत नाही होय? मी पातेली पालथी घालत नाही. तेव्हापासून रात्री झोप लागते मला. खाली तू असतेस."

धाकटीला वाटलं होतं की ही बाई आपल्याला मोजतच नाही. आणि ती तर वर्षभर आपल्या भरवशावर झोपत होती, आणि आज आपल्या भरवशावर बसमध्ये बसली होती, आणि आपण मांडीवर हात ठेवून तिचा स्टॉप जाऊ दिला. धाकटीला रडू आलं नाही, पण स्वतःची किळस आली.

"आता विचार की कुणाला तरी," थोरली म्हणाली. "मला नाही जमणार आता. दमले मी."

धाकटी उठली. ड्रायव्हर भिंतीला टेकून खात होता. तिने त्याला समुद्र म्हणून हाताने लाटा काढून दाखवल्या, तो नुसता बघत राहिला. तिने दोन्ही हात पसरून मोठं जहाज दाखवलं, तरी नाही. शेवटी आगारात उभे असलेले चार-पाच ड्रायव्हर बघत असताना, आयुष्यभर मान खाली घालून शिवत आलेल्या या बाईने तोंडाने जहाजाचा भोंगा वाजवला, चांगला लांब. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, हातातला घास डब्यात टाकला आणि त्यांना निघायच्या बेतात असलेल्या बसकडे जवळजवळ ढकलतच नेलं.

परतीच्या वाटेवर धाकटी बसलीच नाही. ती बेलच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि घाईघाईत एक स्टॉप आधीच बटण दाबलं. उरलेलं अंतर दोघी हातात हात धरून चालल्या, म्हणजे धाकटीने थोरलीला ओढत नेलं. आपण शेवटचं एकमेकींना कधी धरलं होतं, याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

जहाजाची शिडी अजून लावलेली होती, पण खलाशी तिच्या दोरांशी उभे होते. मुलगा शिडीच्या तोंडाशी होता, घामाने भिजलेला. मागे सून एका अधिकाऱ्याच्या विनवण्या करत होती. दोघी वर चढल्या आणि मुलाच्या जिवात जीव आला, तसा त्याचा रागही वर आला.

"आई," तो म्हणाला, "चुकलीस ना? विसरलीस ना तू कुठे उतरायचं ते? खरं सांग."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे आता बोलायची पाळी धाकटीचीच होती. पैज ती जिंकली होती, साक्षीदार म्हणून अख्खं आगार होतं.

"चुकले मी," धाकटी म्हणाली. "स्टॉप आला होता. मला दिसलाही होता. बेल माझ्या हाताशी होती आणि मी दाबली नाही."

"काकू, तू?"

"हो. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी बसून राहिले."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मुलाचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काळजी आली. तीच काळजी, जी तो इतके महिने आईसाठी बाळगून होता.

"काकू, अगं हे बरं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "दिसतंय आणि सुचत नाही म्हणजे काय? तिकडे खालच्या मजल्यावर तू एकटी. उद्या काही झालं तर तुझ्याकडे कोण बघणार?"

थोरलीने धाकटीचा हात अजून सोडला नव्हता.

"मी आहे की वर," ती म्हणाली.