खाटेवरची तोंडी परीक्षा

गेल्या साली गोदा नापास झाली ती रोगी बरा झाला म्हणून.

इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने परीक्षेसाठी एक रोगी आपला म्हणून सांभाळायचा, आणि मुंबईहून आगबोटीने येणाऱ्या परीक्षकाने त्याच रोग्यावर तिची परीक्षा घ्यायची, असा नियम होता. गोदाच्या वाट्याला तापाची म्हातारी आली होती. तिचा ताप गोदाने इतक्या निगुतीने उतरवला, की परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हातारी आपल्या पायांनी घरी गेली. ऐन वेळी मिरकरवाड्याचा, होडी हाकणारा एक तांडेल खाटेवर आणून घातला. त्याच्या पाठीवर गळू होतं, आणि अंगाला कुणाचा हात लागला की त्याला गुदगुल्या होत. गोदा अंग पुसायला गेली, तांडेल उडाला, आणि घमेल्यातलं पाणी परीक्षकांच्या बुटात गेलं. बूट नवे होते.

म्हणून यंदा मेट्रन उमाबाईंनी तिला मोडलेलं हाड दिलं.

"हाडाला कितीही जीव लावलास तरी ते घाईने जुळत नाही," त्या म्हणाल्या. "हा रोगी टिकेल."

रोगी म्हणजे इस्पितळामागच्या टेकाडापलीकडल्या गावचा भागोजी. भाजावळीसाठी कवळ, म्हणजे शेतात जाळायच्या डहाळ्या, तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता, तो फांदीसकट खाली आला. नडगी मोडली. गोदाने त्याचा पाय फळ्यांत बांधला, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि तांदळाच्या कणगीवर ठेवावं तसं त्या पायावर लक्ष ठेवलं.

परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. ही दुसरी खेप. नवरा मुंबईच्या गिरणीत असताना तापाने गेला, तेव्हा गोदा एकोणीस वर्षांची होती. देवरूखकडच्या सासरी दिराने तिला शिकायला पाठवलं ते घरातलं एक ताट कमी होईल म्हणून. पण नापास झाली तर परत घ्यायला तो तयार होता. "गोठ्यात माणूस हवंच आहे," असा त्याचा निरोप आला होता. दिराच्या स्वभावात मायेची एवढीच जागा होती, आणि तीही गोठ्यात.

तेव्हा गोदा अभ्यास करी. पहाटे भांडी उकळताना, पट्ट्या गुंडाळताना, पोटीस कालवताना ती हाडांची नावं पुटपुटत असे. बरोबरीची विमला तिला प्रश्न विचारी आणि उत्तर यायला उशीर झाला, की कोपऱ्यातला दमेकरी धापा टाकत सांगून टाकी. पुरुष वॉर्डात आता असा रोगी उरला नव्हता की ज्याला आपल्या अंगात काय काय मोडू शकतं हे इंग्रजीत ठाऊक नव्हतं.

आणि शिमगा आला.

शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघरी जाते. त्या दिवशी घरचा माणूस घरी नसेल तर तो मुंबईत तरी असावा नाहीतर मसणात. इस्पितळ ही सबब त्यात बसत नाही. वॉर्ड भराभर रिकामा होऊ लागला. दमेकरीही गेला, जाताना गोदाकडून दोन हाडांची उजळणी करून घेऊन.

शनिवारी भागोजी म्हणाला, "बाय, उद्याच्याला आमचे लोक येतील. मना उचलून नेतील."

गोदाच्या हातातली पट्टीची गुंडाळी सुटली. "पाय मोडलाय तुमचा, दादा."

"पाय मोडलाय. खांदा मोडला काय?"

पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान भागोजीच्या घराण्याचा होता. तो नसला तर मान चुलतभाऊ महिपत घेणार, आणि महिपत त्यासाठी कैक शिमगे टपून होता.

"सोमवारी माझी परीक्षा आहे," गोदा म्हणाली. "तुम्ही गेलात की मी गेले."

"तुजी परीक्षा फुडल्या साली व्हईल."

"नाही होत. दोनदाच देतात."

भागोजीने छपराकडे बघत हात जोडले. "गो, मग असं करूया. देवीलाच इचारूया. ती बोलेल तसा."

कौल लावायला महिपत स्वतः देवळात गेला. देवीचं उत्तर आपल्याला सोयीचं येईल याची त्याला खात्री होती. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भागोजीने घरी यावं का? डावी. महिपतने हात जोडले. मग पहिला खांदा महिपतने द्यावा का? डावी. महिपतचे हात जोडलेलेच राहिले. मग पालखीने भागोजीकडे जावं का? उजवी, आणि तीही प्रश्न पुरा व्हायच्या आत.

इस्पितळाची जागा मुळात भागोजीच्या गावाची, म्हणजे देवीच्या शिवेतली. मध्यंतरी इंग्रज सरकार आलं होतं, पण देवीला ते कुणी कळवलं नव्हतं.

पालखीचा दिवस ठरला सोमवार, सकाळचा.

परीक्षक डॉक्टर तेलंग गेल्या सालचेच होते. यंदा त्यांनी जुने बूट घातले होते. "दुपारच्या बोटीने मला परत जायचंय," ते म्हणाले. "रोगी खाटेवर असताना चादर बदला. पाय हलता कामा नये."

गोदाने जुनी चादर एका अंगाने गुंडाळत भागोजीच्या पाठीशी आणली, नवी तिच्या मागोमाग सरकवली. निम्मं काम झालं आणि फाटकापाशी ढोल वाजला.

भागोजी उठून बसला.

"दादा, आडवे व्हा."

"आई आलीय, गो."

"आईला आत बोलवा."

ते शक्य नव्हतं. शेजारच्या खोलीत एक बाई पहाटे बाळंत झाली होती. सोयर असलेल्या घरात पालखी येत नाही. ती फाटकाजवळच्या उंडीच्या झाडाखाली थांबली होती आणि भागोजीने तिथे जायचं होतं. त्याने बरा पाय खाली सोडला. दुसराही सोडायच्या बेतात होता.

गोदाने डॉक्टरांकडे पाहिलं. "परीक्षा तुझी, रोगी तुझा," डॉक्टर म्हणाले. "मी इथे नाही असं समज."

"मग खाटेसकट नेते," गोदा म्हणाली.

पालखीबरोबरची आठ माणसं व्हरांड्यात बोलावली. लोखंडी खाट होती. गोदाने बजावलं, "कमरेपर्यंतच उचला. सावकाश चाला."

"कमरेवर घागर नेतात," महिपत म्हणाला. खाट खांद्यांवर गेली.

पायऱ्या उतरेपर्यंत सगळं नीट होतं. मग ढोलाने चाल धरली. त्या आठ जणांचे पाय लहानपणापासून ढोलाच्या हुकमातले. खांद्यावर काय आहे ते विचारायची त्या पायांना सवय नव्हती. खाट डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि नाचू लागली.

"थांबा," गोदा म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही. वाळूची एक पिशवी घसरून खाली पडली. दुसरीही घसरायला लागली तशी गोदाने पदर खोचला, महिपतच्या खांद्याला धरलं, आणि ती खाटेवर चढली. भागोजीच्या पायाशी मांडी घालून तिने फळ्या दोन्ही हातांनी धरल्या. खाट वर गेली की ती हात खाली सोडी, खाली आली की वर उचली. उरलेली गोदा इकडून तिकडे हेलकावत होती, पण तेवढा पाय जागचा हलत नव्हता.

डॉक्टर तेलंग खाटेबरोबर धावत होते. "मुली, खाली उतर."

"उतरले तर पाय हलेल, डॉक्टर."

डॉक्टरांनी घड्याळ काढून पाहिलं. बोट काही शिमग्यासाठी थांबणार नव्हती. "मग तोंडी इथेच घेतो. मोडलेल्या पायाला पट्टी बांधली की काय बघत राहायचं?"

"बोटं. गार पडली किंवा निळी पडली तर पट्टी आवळलीय."

"आत्ता कशी आहेत?"

"गुलाबी."

"गुलालाने की मुळातच?"

गोदाने एक हात क्षणभर सोडून अंगठ्यावरचा गुलाल पुसला, नख दाबलं, सोडलं. "मुळातच."

"गाठ कुठे मारायची?"

"बाहेरच्या अंगाला, फळीवर. हाडावर रुतू नये म्हणून."

"रोग्याच्या आसपास काय असावं?"

"शांतता."

"काय?"

"शांतता," गोदा ढोलाच्या वर आवाज काढून ओरडली.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या टोपीवर कुणीतरी मूठभर गुलाल उधळला.

उंडीखाली खाट जमिनीला लागली तेव्हा ढोल आपणहून थांबला. गोदाने उशा एकावर एक रचून भागोजीला पाठीशी टेकू दिला, पाय तसाच आडवा ठेवून. पालखी खाली आणली. पुढचा दांडा महिपतनेच धरला होता. त्याने तो हलकेच भागोजीच्या खांद्यावर टेकवला, आणि भार मात्र आपल्याच हातांवर ठेवला.

"दादा, जड नाय ना लागत?"

भागोजीने डोळे मिटून मान हलवली. खांद्यावर फुलाएवढाही भार नव्हता, तरी त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. गोदा बोटांचा रंग बघत उभी राहिली. तिथून नजर काढायची तिची छाती नव्हती.

परत येताना खाट कमरेवरून आली.

हाड सरकून एक पाय आखूड तर झाला नाही ना म्हणून डॉक्टर तेलंगांनी टेप काढून दोन्ही पाय मोजले. फळ्या चाचपल्या. पुन्हा मोजले. मग खाटेकडे बघून म्हणाले, "चादर अर्धीच बदललीय."

गोदाने उरलेली चादर ओढून घेतली, कोपरे दुमडले, सुरकुती काढली. नवी चादर जुनीपेक्षा लाल झाली होती.

"कोपरे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "पास." दाराशी जाऊन ते उमाबाईंकडे वळले. "पुढल्या साली शिमगा कधी आहे ते मला अगोदर कळवा," म्हणाले आणि बोटीकडे निघाले.

भागोजी घोरत होता. गोदाने त्याच्या बोटांचा रंग पुन्हा एकदा पाहिला. शेजारची खाट मोकळी होती. नर्सने रोग्याच्या खाटेवर बसायचं नाही हा उमाबाईंचा कडक नियम, आणि गोदा त्या खाटेवर नुसती बसली नाही, आडवी झाली.

उमाबाई आल्या. खाटेशी थांबल्या. त्यांनी गोदाचं मनगट हातात घेतलं, दुसऱ्या हाताने घड्याळ काढलं आणि बराच वेळ नाडी मोजत उभ्या राहिल्या.

"जलद आहे," त्या म्हणाल्या. "पडून राहा."