रुळाचे सावकाश ठोके

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. तिसगावच्या वाटेवर कापसाच्या एका ओसाड जिनिंग गिरणीच्या वसाहतीत, कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला. मित्रांनो, रूळ म्हटला की तुम्हाला आगगाडी आठवेल. पण माझ्या अंगावरून एकही चाक गेले नाही. कापून उरलेला म्हणून मला इथे आणले आणि घंटा केले. आधी मला फार राग आला. पुढे कामगारांची अख्खी चाळ माझ्या आवाजावर उठू लागली, तेव्हा मी जरा ताठलोच.

गनीभाई पहारेकरी मला हातोड्याने वाजवत. सावकाश, थांबून थांबून ठोके पडले की कामाची पाळी. मग भाकरी फडक्यात बांधून सगळे निघत. घाईघाईने एकसारखे पडले की आग किंवा अपघात. मग हातातले टाकून धावत. एकदा कापसाच्या गंजीने पेट घेतला, तेव्हा माझ्यामुळे चाळ वाचली. त्या दसऱ्याला मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळही मिळाली.

१९४४ साली मालकाने गिरणी बंद केली. माणसे ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहायला गेली. ज्याने त्याने पत्रे, वासे, चौकटी काढून नेल्या. भिंती तेवढ्या पावसात भिजत उभ्या राहिल्या. मला मात्र कोणी हात लावला नाही. मी वाजलो म्हणजे गिरणी पुन्हा सुरू होणार, अशी सगळ्यांची आशा होती.

दोन वर्षांनी एका सकाळी मालनबाई आणि गनीभाईंची बायको बद्रुन्निसा पडक्या चाळीत आल्या. मालनबाईचे जाते जड म्हणून खोलीतच राहून गेले होते. इथे बाळंतपण झाले, इथे भांडलो, असे बोलत दोघी एकेक खोली ओळखत गेल्या. ते ऐकून मला फार बरे वाटले. जाते भिंतीला टेकून होते. त्यांनी ते ओढले आणि भिजून फुगलेली भिंत खाली आली.

मालनबाई छातीपर्यंत गाडली गेली. बद्रुन्निसाच्या खांद्यावर विटा पडल्या होत्या. तिला एक वीट उचलेना, आणि वस्ती लांब होती.

"भाबी, घंटा वाजीव," मालनबाई म्हणाली. "मानसं येत्याल."

बद्रुन्निसाने दगड घेऊन मला मारला. ती जीव तोडून मारत होती, पण एक ठोका मारला की तिचा हात गळून पडे, दुसऱ्याला वेळ लागे. ठोके सावकाश पडत होते, थांबून थांबून. मला सारे कळत होते, आणि मला घाई करता येत नव्हती.

वस्तीने ऐकले. चुली पेटल्या, भाकऱ्या थापल्या गेल्या. ऊन डोक्यावर आले तेव्हा माणसे हसत, बोलत आली. पुढे मालनबाईचा नवरा आसाराम होता. ती आधीच पोचली असेल म्हणून त्याने तिच्याही वाटची भाकरी आणली होती.

"मुकादम कुठं हाय?" त्याने विचारले.

"मुकादम न्हाई आला, आसाराम," बद्रुन्निसा म्हणाली. "मालन हाय भिंतीखाली."

भाकऱ्या मातीत टाकून सगळ्यांनी हातांनी विटा उपसल्या. मालनबाई गेलेली होती. तिचे अंग अजून गरम होते.

तेव्हापासून मला कोणी वाजवले नाही. मित्रांनो, पडक्या घराचे वासे नेलेत, तर भिंतही पाडून जा. आणि माझ्यासारख्याचा आवाज कानी आला, तर ठोके कसे पडतात ते ऐकत बसू नका. आधी धावत या. भाकरी मागाहून बांधता येते.