चोख रक्त

बाळाचार्य वकिलांना धारवाडात सगळे मान देत. न दिला तर ते मागून घेत. बायको हेमावती इतकी वर्षं त्यांच्यावर मनातल्या मनात हसत आली होती. २००४ साली मात्र हसू येईना. मुलीला, दीपश्रीला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, आणि माहेरचं दार बंद! का, तर तिनं अळणावरच्या योगेशशी परजातीत लग्न केलं.

"आमच्या चोख रक्तात भेसळ केली तिनं. या उंबऱ्याला पाय लावायचा नाही," वकिलांनी निकाल दिला होता. त्यांच्या कोर्टात अपील नसे.

अशात त्यांच्या खालच्या जबड्यात पाण्याची गाठ निघाली. हुबळीला देशपांडे नगरात डॉक्टर मेधांनी ती काढली. आत हाड पोखरून नुसतं टरफल उरलं होतं. डॉक्टरांनी वकिलांच्याच दंडातलं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं आणि त्यातला पिवळा भाग हाडाच्या भुकटीत कालवून खड्ड्यात भरला.

"यातल्या पेशी जखम भरायला मदत करतात," मेधा म्हणाल्या. "पण हाड धरायला महिने लागतील. तोवर मऊ भात. सुपारीचं तर नावच काढू नका."

वकिलांनी त्यातलं ऐकलं काय? तर आपल्या रक्तातून सोनं निघालं!

"अहो, सगळ्यांचंच पिवळं निघतं. काल एका हमालाचं काढलं, तेही असंच," मेधांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाभरातच धारवाडात सुभाष रोडवर, मित्र श्रीकांतच्या कापडदुकानात, बैठक भरली. "नम्म मनेतनद रक्त री! आमच्या घराण्याचं रक्त! हाडं सांधतं!" असं म्हणत वकिलांनी तबकातली अख्खी सुपारी उचलली. श्रीकांतनं अडकित्ता पुढे केला, तो त्यांनी परत सारला. पथ्यं पोचट रक्ताच्यांनी पाळावीत.

कडकन आवाज झाला. सुपारी शाबूत होती.

मेधांनी जबडा पुन्हा जुळवला आणि वरचे-खालचे दात तारेनं करकचून बांधून टाकले. दीड महिना तोंड बंद, पातळ पेज तेवढी नळीनं.

हेमावतीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून संताप आला, तो स्वतःचा. असल्या माणसाच्या शब्दाला आपण वेदवाक्य मानलं आणि पोटची पोर उंबऱ्याबाहेर ठेवली! घरी येताच तिनं अळणावरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दीपश्री कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. आत यायला धजेना. खुर्चीतले बाळाचार्य डोळे वटारून जोरजोरात मान हलवू लागले. तोंडातून नुसतं घूं घूं.

"मान हलवू नका, जबडा निखळेल," हेमावती म्हणाली. तिनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिचा हात धरला. "ये गं आत. अप्पा एका शब्दानं नको म्हणालेले नाहीत."