माग चालू असताना

"आजी, तो कुठलं गाणं म्हणतोय, तेवढंच सांगा," दिग्दर्शिका म्हणाली आणि तिने चित्रफीत पुन्हा सुरू केली.

पडद्यावर गिरणीतलं मागांचं खातं होतं. उठावाच्या वर्षी टिपलेलं, पण आवाजाशिवाय. कामगारांच्या गाण्यांवर ती माहितीपट करत होती. मागाशी उभा राहून तोंड हलवणारा हा पोरगा तिला त्यात हवाच होता. त्याच्या ओठांवर कुठलं गाणं बसवायचं, एवढ्यावरच घोडं अडलं होतं.

पोरगा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. दोघंही याच खात्यात माग चालवायचे. हे चित्रण झालं त्याच संध्याकाळी तो उठावाच्या मोर्चात गेला आणि परत आला नाही. जाताना सांगून गेला नाही, हे दुःख आईने मरेपर्यंत उगाळलं. आईमागे आजीने.

मागांच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो. म्हणून विणकर आवाज न काढता, तोंड मोठं करून बोलतात आणि ओठ बघून ऐकतात. मुकादम समोर उभा असताना त्याच्या टकलाबद्दल चार मागांपलीकडच्या मैत्रिणीशी खुशाल बोलता येतं, हे आजीने मघाशीच हसत समजावलं होतं. फक्त बघायला हवं. पाठ फिरवली की बोलणं संपलं.

आजीने फीत तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्या वेळी ती खुर्चीच्या कडेला आली.

"गाणं नाही ग हे. मला हाक मारतोय. 'ताई, मी आज जातोय. आईला तू सांग.'"

तुम्ही कुठे होता तेव्हा, असं दिग्दर्शिकेने हळूच विचारलं. आजीने पडद्यावर बोट ठेवलं. अगदी पुढे, भावाकडे पाठ करून, एक तरुण मुलगी उभी होती. खात्यात पहिल्यांदाच कॅमेरा आला होता. तिने केस नीट बसवले होते.

मग दिग्दर्शिका म्हणाली, हवं तर हा तुकडाच काढून टाकते.

"काढू नकोस. त्याच्या आधी, नंतर लाव तुझं गाणं. तो बोलतोय तेवढा वेळ गाणं थांबव."

दिग्दर्शिकेने फीत मागे नेऊन पुन्हा लावली. भावाने सगळं सांगितलं, उत्तरासाठी जरा थांबला, मग मागाकडे वळला. पुढची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसतच होती.